कोळ्ळिडमच्या अलीकडे

कुंभकोणम् येथे बदलून आलेल्या एका स्नेह्यांकडे मध्यंतरी चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांचा शाळकरी मुलगा रोज संध्याकाळी संगणकापुढे बसून राज्य करीत असे. पडद्यावर त्याने एक साम्राज्य उभारले होते. नगरांना तट होते, नाक्यानाक्यावर चौक्या होत्या, कोठारे भरलेली होती, आणि तीन बाजूंनी शत्रू चालून येत होता. फौज मात्र एका ठिकाणी पुरेल इतकीच होती. मान न वळवताच त्याने मला विचारले, "काका, राजधानी राखू की सीमा?" मी काही बोलण्यापूर्वीच त्याने सारी फौज राजधानीत ओढून घेतली. राजधानी वाचली. पण थोड्याच वेळात कोठारांत धान्य उरले नाही, आणि डाव संपला.

मुलगा दुसऱ्या डावाकडे वळला. मला मात्र तो प्रश्न सोडीना. ज्या गावात बसून तो विचारला गेला, त्या गावाने हा डाव प्रत्यक्ष अनुभवलेला आहे. अठराव्या शतकात तंजावरच्या मराठी राजांपुढे हाच पेच पुनःपुन्हा आला. त्यांनीही बहुधा राजधानीच राखली, आणि राजधानी राखली जात असताना जे तटाबाहेर राहिले त्यात कुंभकोणम् होते. पडद्यावरचा खेळाडू हरला तर पहिल्यापासून मांडतो. तंजावरला ती सोय नव्हती.

तंजावरच्या भोसल्यांचे नाव निघाले की आपल्याला सामान्यतः दोनच गोष्टी आठवतात. एक, शिवछत्रपतींशी व्यंकोजीराजांनी केलेला भाऊबंदकीचा व्यवहार. आणि दुसरी, सरफोजी महाराजांचा सरस्वती महाल. या दोहोंमधली सव्वाशे वर्षे आपण एका वाक्यात उरकतो: हे राजे दुबळे होते, लढण्याऐवजी पैसे मोजीत होते, आणि शेवटी इंग्रजांच्या पदरी गेले. यातला एकही शब्द सर्वस्वी खोटा नाही. तथापि निकाल म्हणून तो न्याय्य आहे काय, हे पाहण्यासारखे आहे. निकाल देण्यापूर्वी पट कसा होता हे पाहावे लागते.

१

सह्याद्रीत वाढलेल्या राज्याला संरक्षणाचा विचार म्हणजे दुर्गांचा विचार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे महत्त्व विस्ताराने सांगितले आहे, ते त्या भूमीतून सहज उगवलेले ज्ञान होय. शत्रू आला की मुलूख सोडावा, गड धरावा, आणि तो दमला की खाली उतरावे. तंजावरात ही विद्या निरुपयोगी होती. तेथे गडच नव्हते. त्रिचनापल्लीपासून समुद्रापर्यंत पसरलेला हा सारा प्रदेश ताटासारखा सपाट; उंचवटा म्हणावा असा तंजावरच्या नैर्ऋत्येस वल्लमचा, आणि तेथेच राजधानीचा राखण करणारा एक किल्ला होता. खुद्द तंजावरला दोन कोट होते, एक राजवाड्याभोवतीचा मोठा आणि दुसरा बृहदीश्वराच्या देवळाभोवतीचा लहान. दोहोंनाही पाण्याने भरलेला खंदक होता. ही तटबंदी नायक राजांच्या वेळची, आणि ती चांगली मजबूत होती.

राज्याची खरी सीमा मात्र एक नदी होती. श्रीरंगमच्या बेटाच्या माथ्यावर कावेरी दुभंगते. उत्तरेकडचा फाटा तो कोळ्ळिडम. दक्षिणेकडचा फाटा कावेरी हेच नाव घेऊन पुढे जातो. बेटाच्या शेपटाशी हे दोन प्रवाह पुन्हा अगदी जवळ येतात. कोळ्ळिडमचे पात्र खोल, कावेरीचे उथळ; त्यामुळे मध्ये आडवा बांध नसेल तर कावेरीचे पाणी उडी मारून कोळ्ळिडममध्ये जाईल आणि सरळ समुद्राला मिळेल. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा प्राचीन बंधारा नेमका या ठिकाणी आहे, आणि त्याच्या पूर्वेस कोविलडी हे गाव. येथे अडलेले पाणी कावेरी, वेण्णार आणि त्यांच्या असंख्य फाट्यांनी सगळ्या प्रांतात खेळते. त्याच पाण्यावर तंजावरची भातशेती, त्या भातावर राजाचा वसूल, आणि त्या वसुलावर फौज उभी होती.

आता यातील मर्म असे की, कोळ्ळिडम ही तंजावरची उत्तर सीमा खरी, पण जेथे कोळ्ळिडमपासून कावेरी वेगळी राखली जात असे ते ठिकाण त्रिचनापल्लीच्या हद्दीला लागून होते, आणि त्रिचनापल्ली तंजावरच्या हाती नव्हती. पाणी ज्याच्या दारातून यावयाचे तो शेजारी, आणि पीक ज्याच्या अंगणात यावयाचे तो राजा, अशी ही रचना होती. पटावरच्या खेळात नगर, कोठार आणि धरण ही एकाच खेळाडूची असतात. येथे तसे नव्हते, आणि पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

कुंभकोणम् या रचनेच्या ऐन मध्यावर आहे. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार, आणि कावेरीपलीकडे काही कोसांवर कोळ्ळिडम. कुंभेश्वर, शार्ङ्गपाणी, नागेश्वर अशी मोठी देवालये, बारा वर्षांनी भरणारा महामखमचा मेळा, पितळेची भांडी, रेशीम, विड्याची पाने, आणि शास्त्री-पंडितांची वस्ती, असे हे संपन्न नगर. तट म्हणावा तर तो देवळांचाच. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) इ. स. १६९३ मध्ये जवळचे तिरुविशनल्लूर गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् पडले. ज्या भूमीवर राजाने विद्वान वसविले ती राखण्याचे सामर्थ्य आपल्याजवळ आहे, असा त्याला तेव्हा विश्वास असला पाहिजे.

२

कोळ्ळिडम ही सीमा ठरली ती परक्यांशी झालेल्या लढाईत नव्हे. इ. स. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावरचा विजयराघव नायक मारला. त्या घराण्याच्या वारसाला गादीवर बसविण्यासाठी विजापुराहून व्यंकोजी आले, आणि १६७६ च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. पुढल्याच वर्षी शिवछत्रपती कर्नाटकात उतरले. कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावरील तिरुमळवाडी येथे दोघा भावांची भेट झाली. पित्याच्या दौलतीत अर्धा वाटा हा महाराजांचा आग्रह होता. काही दिवस पाहुणचार घेतल्यावर एका रात्री व्यंकोजी गुपचूप कोळ्ळिडम उतरून तंजावरी निघून गेले. महाराजांनी नदीच्या उत्तरेकडील मुलूख घेतला. त्या वर्षाअखेर मागे राहिलेल्या संताजी भोसल्यांवर व्यंकोजींनी हल्ला केला आणि त्यांचा पराभव झाला. नंतर समेट होऊन नदीच्या अलीकडचे तंजावर व्यंकोजींकडे राहिले.

या प्रसंगावर आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि व्यंकोजींच्या धैर्याविषयी त्यात फारसे चांगले नाही. संरक्षणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. तंजावर त्या दिवसापासून एकटे पडले. मूळ राज्याशी त्याचा सांधा राहिला तो रक्ताचा. व्यवस्थेचा राहिला नाही. १६९४ मध्ये मोगल सेनापती झुल्फिकारखान दाराशी आला, तेव्हा शहाजीराजांनी खंडणी कबूल करून वेळ निभावली. देशाकडून खरी मदत आली ती एकदाच. चंदासाहेबाच्या जाचाने त्रस्त झालेल्या या घराण्यासाठी सातारकर शाहू छत्रपतींनी रघूजी व फत्तेसिंग भोसल्यांना दक्षिणेत पाठविले; मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली, आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास गेला. पण त्रिचनापल्ली तंजावरला मिळाली नाही. ती मुरारराव घोरपड्याच्या हाती राहिली आणि १७४३ मध्ये निजामाने घेतली. बंधाऱ्याची किल्ली हाती येण्याची तीच एक संधी होती. पुढे दहा-अकरा वर्षांनी हाच मुरारराव दुसऱ्यांचा पगार घेऊन तंजावरवर चालून आला. रक्ताच्या सांध्याचा भरवसा इतकाच.

३

इ. स. १७३९ मध्ये प्रतापसिंह गादीवर आले. त्यांच्या चोवीस वर्षांत तंजावरचे संरक्षण ही एक कलाच झाली. पहिला धडा १७४९ चा. पदच्युत शहाजीचा कैवार घेऊन इंग्रज कोळ्ळिडमच्या मुखाशी असलेल्या देवीकोट्टैवर आले. पहिली मोहीम फसली; दुसऱ्या वेळी मेजर लॉरेन्सने किल्ला घेतला, आणि त्या हल्ल्यात तरुण क्लाइव्ह पुढे होता. किल्ला हाती येताच इंग्रजांना शहाजीच्या हक्काचे विस्मरण झाले. प्रतापसिंहांनी देवीकोट्टै आणि ९,००० होनांच्या उत्पन्नाचा मुलूख देऊन त्यांची मैत्री विकत घेतली. सीमेच्या पूर्व टोकाची किल्ली गेली, पण गादी राहिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस चंदासाहेब आणि मुजफ्फरजंग फ्रेंचांसह तंजावरला वेढा घालून बसले. प्रतापसिंहांनी ७० लाख रुपये देण्याचे कबूल केले, फ्रेंचांना कारैकालभोवतीची ८१ गावे दिली, आणि मग हप्ते चुकविण्यास आरंभ केला. कधी सोन्याचांदीची भांडी पाठवावी, कधी चलनातून गेलेली जुनी नाणी, कधी जवाहीर. प्रत्येक वस्तूची पारख व्हावी, प्रत्येक किमतीवर घासाघीस व्हावी, आणि त्यात दिवस जावे. इकडे नासिरजंगाची प्रचंड सेना दक्षिणेकडे निघाली आणि वेढा उठला. इंग्रज ग्रंथकारांनी या प्रकाराची चेष्टा केली आहे. पण आठ वर्षांनी काउंट लाली त्याच रोख्याची वसुली करण्यास आला, तेव्हा त्यावर ५६ लाख येणे होते! म्हणजे ७० लाखांच्या वचनापैकी चौदा लाखांत राजधानी वाचली होती. एखाद्या सेनापतीने याहून स्वस्तात वेढा उठविल्याचे उदाहरण काढणे कठीण आहे.

लालीची स्वारी १७५८ च्या जुलै-ऑगस्टातली. नागोर लुटून, कीवळूरच्या देवळात सहा ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी देऊन तो तंजावरला आला. पुन्हा वाटाघाटी, पुन्हा विलंब. तटाला भगदाड पडू लागले तोच त्याचा दारूगोळा सरत आला, आणि इंग्रजी आरमार कारैकालसमोर आल्याची बातमी पोहोचली. तो परत फिरला तेव्हा सेनापती मानोजीने बाहेर पडून त्याचा पाठलाग केला. हा मानोजी त्या काळातील तंजावरचा खरा लढवय्या. १७५४ च्या आरंभी मराठ्यांच्या घोडदळाची एक टोळी मुलुखात शिरली असता त्याने तिला नद्यांच्या फाट्यांत कोंडून तिचा निकाल लावला होता. डोंगर नसलेल्या देशात पाणी हाच दुर्ग, हे त्याला कळले होते. त्याच्या नावाला एक डागही आहे. जून १७५२ मध्ये श्रीरंगम येथे चंदासाहेब अभयवचनावर त्याच्या स्वाधीन झाला आणि मारला गेला. ते वचन मोडले गेले, हे मराठी वाचकानेही विसरू नये.

येथवरचा हिशेब पाहता प्रतापसिंहांना दुबळे म्हणण्यास मन धजत नाही. निजाम, अर्काटचा नबाब, म्हैसूर, फ्रेंच, इंग्रज आणि दक्षिणेकडचे मरवार पाळेगार, एवढ्यांच्या मध्ये एका सपाट, श्रीमंत, बिनडोंगरी मुलखाचा राजा चोवीस वर्षे गादीवर राहिला आणि गादीवरच निवर्तला. मदुरेच्या नायकांचे राज्य १७३६ मध्येच बुडाले होते. जिंजीचा प्रख्यात दुर्ग हातोहात फिरत होता. तंजावर उभे होते.

४

परंतु राजधानी उभी असणे आणि राज्य सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मे १७५४ मध्ये त्रिचनापल्लीच्या लढाईत तंजावरने इंग्रजांची बाजू धरली म्हणून फ्रेंच सेना कोविलडीला गेली आणि तिने कावेरीचा बांध फोडला. तंजावरच्या तटावर एक गोळाही न टाकता त्यांनी तंजावरच्या मर्मावर घाव घातला. त्याच सुमारास मुरारराव घोरपड्याने तंजावरच्या घोडदळाचा फडशा पाडला, आणि दरबारी कारस्थानामुळे बाजूस सारलेल्या मानोजीला प्रतापसिंहांनी पुन्हा सेनापतिपदावर बोलाविले. तह झाल्यावर बांधाची दुरुस्ती झाली ती इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यात. ज्याच्या पहाऱ्यात आपले पाणी येते तो आपला मित्र म्हणावा की धनी?

हा प्रश्न लवकरच कागदावर आला. १७६२ मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने तंजावरने नबाब महंमदअलीला मागील थकबाकीचे २२ लाख आणि दरसाल ४ लाख देण्याचे ठरले. पुढच्या वर्षी तुळजाजी गादीवर आले. १७६४ च्या सुमारास बांध पुन्हा खचला. बांध आमच्या हद्दीत आहे, त्याला हात लावण्याचा अधिकार तंजावरला नाही, असे नबाबाने म्हटले. तुळजाजींचे म्हणणे, बांध न सांधल्यास आमचा देश उजाड होईल. वाद मद्रासच्या कौन्सिलपुढे गेला, आणि दुरुस्तीची परवानगी राजाला मिळाली. मिळाली हे खरे. पण ज्याला आपल्या नदीचा बांध दुसऱ्याच्या परवानगीने सांधावा लागतो, त्याचे सार्वभौमत्व कोठवर आले आहे हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही.

१७७१ मध्ये रामनाडच्या मरवारावर तुळजाजींनी केलेल्या स्वारीचे निमित्त झाले, आणि नबाबाच्या वतीने कंपनीची फौज तंजावरवर आली. वल्लम पडले. तटाला भगदाड पडण्याच्या बेतात असता नबाबाच्या मुलाने परस्पर तह केला. थकलेल्या पेशकशीचे ८ लाख, मोहिमेच्या खर्चाचे साडेबत्तीस लाख. आणि या रकमेपोटी मायावरम् व कुंभकोणम् हे दोन सुभे दोन वर्षांसाठी नबाबाकडे गहाण! शिवाय कोविलडीचा मुलूख कायमचा गेला. राजधानी पुन्हा वाचली. पण या वेळी ती वाचविण्यासाठी दिले गेले ते सोनेनाणे नव्हते. राज्यातील सर्वांत सुपीक जमीन आणि पाण्याची किल्ली एकाच कलमाने गेली. कुंभकोणम्ला शत्रूने जिंकले नाही. ते राजाने तारण दिले. ज्या शेतकऱ्याचे शेत असे दोन वर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती जाते, त्याच्याशी कसा व्यवहार होतो हे मुलकी खात्यात काम केलेल्या वाचकांस सांगावयास नको. ठेकेदाराला दोन वर्षांपलीकडचे दिसत नाही.

दोन वर्षांनी उरले तेही गेले. थकबाकीचे निमित्त करून १७७३ मध्ये पुन्हा वेढा पडला. १७ सप्टेंबरला भर दुपारी, उन्हाच्या तडाख्यात हल्ला होणार नाही अशा समजुतीने पहारे सैलावले असता, इंग्रज फौज भगदाडातून आत शिरली. शंभर वर्षांत प्रथमच तंजावरचा कोट परक्यांच्या हाती गेला, आणि तुळजाजी कैद झाले. विलायतेतील संचालकांना हा अन्याय वाटल्याने लॉर्ड पिगटने एप्रिल १७७६ मध्ये त्यांना परत गादीवर बसविले. पण पॉल बेन्फिल्ड नावाचा सावकार लगेच पुढे झाला. नबाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावरच्या वसुलावर १ लाख ६२ हजार पौंडांचा आणि रयतेच्या पिकांवर ७२ हजार पौंडांचा आपला हक्क आहे असे त्याचे म्हणणे. त्या वादात खुद्द पिगटला मद्रासमध्ये अटक झाली आणि तो अटकेतच १७७७ मध्ये मेला. १७८५ साली बर्कने पार्लमेंटात नबाबाच्या कर्जावर जे गाजलेले भाषण केले, त्याच्या मुळाशी कुंभकोणम्-मायावरम्च्या शेतांतले भातच होते.

५

गादी मिळाली, पण या वेळी कोटात कंपनीचे शिबंदीचे सैन्य आले आणि त्याच्या खर्चासाठी दरसाल ४ लाख होन द्यावयाचे ठरले. राजाची स्वतःची फौज नावापुरती उरली. या भाडोत्री संरक्षणाची परीक्षा पाच वर्षांत झाली. १७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजा कोळ्ळिडम उतरून आल्या आणि तंजावरचा कोट वगळता सारा प्रांत त्यांनी व्यापला. बांध फुटले, गुरे हाकलून नेली, गावे ओस पडली. फेब्रुवारी १७८२ मध्ये कर्नल ब्रेथवेटची पलटण कुंभकोणम्जवळ अन्नगुडी येथे मोकळ्या मैदानात टिपूने गाठली. टिपूबरोबर फ्रेंच तुकडी होती, आणि तिचा नायक दुसरा एक लाली होता. सभोवार वेढा पडल्यावर तीन दिवस झुंजून १८ फेब्रुवारीला ब्रेथवेट शरण आला. जिच्यासाठी तंजावर वर्षाला ४ लाख होन मोजीत होते, त्या कंपनीची फौज कुंभकोणम्च्या वेशीशी असतानाही कुंभकोणम् वाचले नाही.

या धामधुमीतली एक हकीकत मला सर्व वेढ्यांपेक्षा बोलकी वाटते. तंजावरच्या कोटात उपासमार सुरू झाली होती. मुलुखात धान्य अगदीच नव्हते असे नाही; पण ते आणावयास बैल मिळत नव्हते, कारण पूर्वी बैल नेले तेव्हा शेतकऱ्यांना दाम मिळाला नव्हता, आणि राजाच्या अथवा कंपनीच्या शब्दावर कोणाचाही विश्वास उरला नव्हता. अखेर श्वार्ट्झ या जर्मन पाद्रीने, पैसे मी स्वतः देईन, असा आपला शब्द दिला. दोन-तीन दिवसांत हजार बैल मिळाले, आणि ८०,००० कलम धान्य कोटात आले. राजा, नबाब आणि कंपनी या तिघांची पत जेथे संपली होती, तेथे एका फकीर वृत्तीच्या परदेशी माणसाची पत चालली.

तंजावरच्या पाडावाचे कारण मला येथे दिसते. राजांना लढता आले नाही असे नव्हे. तट पक्का होता, मानोजीसारखा सेनापती होता, आणि काळ काढण्याची विद्या तर त्यांच्याइतकी कोणालाच साधली नव्हती. परंतु प्रत्येक वेढ्याचे मोल तटाबाहेरच्या माणसाने द्यावयाचे, असा परिपाठ पडला. प्रथम खजिन्यातून, मग सावकारांकडून, मग उभ्या पिकावर, मग सुभे गहाण टाकून. जो कुंभकोणम्चा कुणबी आपल्या राजाला धान्य आणून द्यावयास राजी नाही, त्याच्यासाठी सीमा कोळ्ळिडमवर आहे की तंजावरच्या खंदकावर, यात काय फरक राहिला? सीमा तोवर आत सरकून खंदकापर्यंत आलीच होती.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मुलूख वाचविण्यासाठी कोळ्ळिडमवर फौज ठेवावयाची तर ती किती? नदी वर्षातून कित्येक महिने कोठेही उतरता येते. देशाकडून मदतीची आशा नव्हती, आणि बंधारा जिंकावयाचा म्हणजे त्रिचनापल्ली जिंकावयाची, जी भल्याभल्यांना पचली नाही. प्रतापसिंहांच्या जागी कोणी असता तर त्यानेही बहुधा तेच केले असते. चूक एखाद्या खेळीत शोधून सापडत नाही. प्रत्येक खेळी त्या-त्या वेळी शहाणपणाची होती. त्या सगळ्यांची बेरीज मात्र नाश झाली. राज्यकारभारात असे घडते, आणि ज्यांनी कचेरीत एकेक योग्य निर्णय घेत शेवटी भलत्याच ठिकाणी पोहोचल्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना हे पटावे.

६

शेवट लवकर आला. तुळजाजी १७८७ मध्ये वारले. अमरसिंह आणि सरफोजी यांच्यातील वारशाचा वाद कंपनीने निकालात काढला. आणि २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी एक लाख होन व वसुलाचा पाचवा हिस्सा घेऊन सारा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. राजाकडे राहिला तो तंजावरचा कोट. हा योगायोग मोठा विलक्षण आहे. सव्वाशे वर्षे ज्याच्यासाठी सर्व काही दिले, तेवढे मात्र खरोखरच शेवटपर्यंत राहिले! पदच्युत अमरसिंह कुंभकोणम्जवळच्या तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि गादीही संपली.

पाण्याची किल्ली पुढे एका इंजिनिअराने फिरविली. आर्थर कॉटनने १८३६ च्या सुमारास श्रीरंगमच्या माथ्याशी मुक्कोंबु येथे आणि कुंभकोणम्च्या उत्तरेस अणैक्करै येथे कोळ्ळिडमवर बंधारे घातले. ज्या कंपनीला आता वसूल स्वतः घ्यावयाचा होता, तिला बांध कोणाच्या हद्दीत आहे हा प्रश्न उरला नव्हता. कॉटनच्या मुक्कोंबुच्या जुन्या बांधकामाचे काही दरवाजे ऑगस्ट २०१८ मधील पुरात वाहून गेले, तेव्हा सारा कावेरीकाठ पुन्हा हवालदिल झाला होता. ती जागा आजही तितकीच नाजूक आहे.

आणि माणसे? राज्य बुडाले तरी राज्याचे कारभारी बुडाले नाहीत. कुंभकोणम्च्या एका मराठी घराण्यात १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्रावणकोरात त्यांचे पहिले काम होते खजिन्यावरचे कर्ज फेडण्याचे आणि रयतेवरचे जाचक कर काढण्याचे. तंजावरच्या अनुभवाचे बाळकडू त्यामागे असेल, असा तर्क करावासा वाटतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी स्नेह्यांच्या मुलाला घेऊन मी कावेरीच्या घाटावर गेलो. मेट्टूरचे पाणी नुकतेच सुटले होते, आणि कोरड्या पात्रातून एक गढूळ, फेसाळ जीभ हळूहळू पुढे सरकत होती. बायका हळदकुंकू वाहत होत्या. मी त्याला कल्लणैची हकीकत सांगितली आणि म्हटले, "परवाच्या तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की राजधानी आणि सीमा दोन्ही मागाहून. आधी हे पाणी राखावे, आणि ज्याच्या शेतात ते जाते त्या माणसाचा विश्वास राखावा."

तो क्षणभर विचारात पडला, आणि म्हणाला, "पण काका, बंधारा दुसऱ्याच्या हद्दीत असला तर?"

मी पाण्याकडे पाहत राहिलो. या प्रश्नाचे उत्तर प्रतापसिंहांनाही सापडले नव्हते.